मुंबईच्या नावाचा रक्तगट आणि त्यामागचे हरवलेले प्रथिन

१/ १९५२ साली 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. लेखकांमध्ये मुंबईचे वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया होते, सोबत लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. त्यात वर्णिलेले रक्त तपासणीत 'ओ' गटासारखे दिसे. मात्र त्या व्यक्तींना 'ओ' गटाचे रक्तही चालत नव्हते.

२/ हे धक्कादायक का होते? १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांची मांडणी केली. पुढे 'ओ' हा सर्वांना चालणारा गट मानला गेला, कारण त्याच्या लाल पेशींवर 'ए' नाही आणि 'बी'ही नाही. मुंबईचे रक्त त्यालाही नाकारत होते. म्हणजेच 'ओ' पेशींवरही काहीतरी होते. ते 'एच' प्रतिजन.

३/ लाल पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. 'एफयूटी१' या जनुकापासून ३६५ अमिनो आम्लांचे एक प्रथिन, म्हणजे एक विकर, तयार होते. ते साखळीच्या टोकाला फ्युकोज ही शर्करा जोडते, हाच 'एच'. 'ए' आणि 'बी' गटांची विकरे आपापली शर्करा या 'एच'वरच बसवतात. 'ओ' गटात 'एच' तसाच राहतो.

४/ आईवडील दोघांकडूनही 'एफयूटी१'ची निकामी प्रत आली, तर पेशींवर 'एच' घडत नाही. मग अंगात 'ए' किंवा 'बी'चे जनुक असले तरी ते व्यक्त होऊ शकत नाही. पाया नसेल तर मजला चढणार कसा? अशा व्यक्तीच्या रक्तद्रवात 'एच'विरोधी प्रतिपिंडे असतात. त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही गटाचे रक्त तिच्यासाठी घातक ठरते.

५/ १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी एक कुटुंब नोंदवले. 'ओ' दिसणाऱ्या आईने मुलीला 'बी' दिला होता. नियमाने हे अशक्य. वास्तविक आईजवळ 'बी'चे जनुक होतेच, ते केवळ झाकले गेले होते. वरवरच्या तपासणीवर विसंबून अशा आईच्या मातृत्वावर शंका घेतली गेली असती, तर तो केवढा अन्याय ठरला असता!

६/ १९९० मध्ये हे जनुक वेगळे काढण्यात यश आले; ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. भारतीय 'बॉम्बे' व्यक्तींत त्याचे ७२५ वे अक्षर बदललेले आढळले. त्या एका अक्षरामुळे प्रथिनातील २४२ व्या स्थानी ल्युसीनऐवजी आर्जिनीन येते आणि विकर निकामी होते. शेजारचे 'एफयूटी२' जनुकही गळालेले असते.

७/ हीच जोडखूण हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर भारतीय वंशाच्या लोकांत सापडते. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून तेथे गेलेल्यांचा प्रवास कागदपत्रांत आहे, तसाच तो रक्तातही नोंदला गेला आहे.

८/ भाटिया व साठे यांच्या १९७४ मधील अभ्यासात मुंबईत सुमारे ७,६०० मागे एक व्यक्ती या गटाची आढळली. युरोपात हे प्रमाण दहा लाखांत एकाच्या आसपास सांगितले जाते. दुर्मीळ निकामी प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता नात्यातील विवाहांत वाढते, आणि दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत जुनी आहे. त्यामुळे हा विषय केवळ मुंबईच्या प्रयोगशाळांचा नाही. सांगली जिल्ह्यातील आष्ट्यासारख्या गावांच्या उंबऱ्यापर्यंत तो येतो.

९/ समजा, आष्ट्यातील एका गर्भवतीच्या कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' लिहिले आहे. केवळ पेशी तपासल्या, तर 'बॉम्बे' गटही 'ओ'च दिसतो. तिचा रक्तद्रव 'ओ' पेशींशी ताडून पाहिला, तरच खरा गट उघड होतो. हे प्रसूतीच्या रात्री कळणे आणि महिनाभर आधी कळणे, यांत जिवाचे अंतर आहे. साठवलेल्या लाल पेशी साधारणतः ३५ ते ४२ दिवसच टिकतात. म्हणून दाता आधीच माहीत असावा लागतो.

१०/ १९९५ मध्ये बॉम्बेचे अधिकृत नाव मुंबई झाले, रक्तगटाचे नाव मात्र 'बॉम्बे'च राहिले. हा गट कोणात आढळला, तर प्रथम सख्ख्या भावंडांची तपासणी करावी. आईवडील दोघेही एकेक निकामी प्रत बाळगणारे असतील, तर प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक असते. कित्येकदा शोधत असलेला दाता त्याच घरात असतो.