नुसता ताप की हुडहुडी?

घरात कोणाला ताप आला की आजी आधी विचारायची, "नुसता ताप आहे, की हुडहुडी भरते?" या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे.

१८६८ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या तापाच्या नोंदींवर ग्रंथ लिहिला. ताप मोजण्याची शिस्त त्यामुळे रुजली. पुढे रक्त पोषक द्रवात ठेवून त्यातले जंतू वाढवून पाहता येऊ लागलं. तेच आपलं 'ब्लड कल्चर'. मग हळूहळू सवयच झाली: आकडा चढला की रक्त पाठवा.

आयसीयूच्या बाहेर बसून "कल्चरला पाठवलंय" हे मीही ऐकलं आहे. तेव्हा वाटलं, तपासणीनं काय बिघडतंय? पण बिघडतं. कातडीवरचा एखादा जंतू बाटलीत गेला, तर नसलेल्या आजारावर अँटिबायोटिक्स सुरू होतात. तान्ह्या बाळाच्या अंगात तर रक्तच थोडं. उलट, खरा जंतुसंसर्ग हातून निसटला तर जिवावर बेततं. मग तपासायचं कोणाला?

१९९० साली बोस्टनच्या डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांनी याचा अंदाज बांधायची रीत मांडली. तिच्या निकषांत तापाच्या आकड्याबरोबर हुडहुडीही होती! २००५ मध्ये जपानच्या ओकिनावातल्या डॉक्टरांनी तापाच्या ५२६ रुग्णांची थंडी चक्क पांघरुणावरून मोजली. जाकीट पुरतं, जाड पांघरूण लागतं, की पांघरुणातही सगळं अंग थडथडतं? शेवटच्या गटात रक्तात जंतू सापडण्याचा धोका थंडी न वाजणाऱ्यांच्या सुमारे १२ पट निघाला.

आयसीयूत मात्र रुग्ण अनेकदा गुंगीत, नळ्या लावलेला. तो काय सांगणार? ताप शस्त्रक्रियेमुळे किंवा औषधामुळेही येतो. म्हणून अमेरिकेतल्या मुलांच्या १४ अतिदक्षता विभागांनी नियम केला: रक्त काढण्याआधी मुलाला नीट तपासा, तापाचं दुसरं कारण आहे का याचा विचार करा. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कल्चरं सुमारे एक तृतीयांशानं घटली, मृत्यू वाढले नाहीत.

शाळेतही मी हेच पाहिलं. गुणपत्रिकेवरून मूल कळत नाही, त्याच्याजवळ जावं लागतं.

आपलं माणूस आत असताना "अजून तपासणी का नाही केली?" हे ओठांवर येतंच. त्याऐवजी "तुम्हाला कशाची शंका वाटते?" असं विचारून पाहा. डॉक्टरांशी बोलणं तिथून चांगलं सुरू होतं.