पाणबुडीतील त्रिकोणमिती

१/ 'सायलेंट हंटर ३' (२००५) या खेळात स्वयंचलित नेम बंद केला, की दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडीच्या कप्तानाचे कोडे आपल्यापुढे येते : समोरचे जहाज किती दूर आहे आणि त्याचे तोंड कोणीकडे?

२/ अंतरासाठी डोलकाठीची उंची हवी. पाण्याच्या रेषेपासून तिच्या टोकापर्यंतचा कोन पेरिस्कोपमधून मोजायचा. उंचीला त्या कोनाच्या टॅनने भागले, की अंतर मिळते. उंची ३० मीटर, कोन १ अंश, तर अंतर सुमारे १७२० मीटर.

३/ मात्र ही उंची जहाजांच्या ओळखपुस्तिकेतून घ्यावी लागे. जहाज ओळखण्यात चूक झाली आणि डोलकाठी प्रत्यक्षात २५ मीटरचीच असली, तर खरे अंतर सुमारे १४३० मीटर. मोजणी अचूक, उत्तर चुकीचे!

४/ टॉर्पेडो पोहोचेपर्यंत जहाज पुढे सरकते. म्हणून वेगाबरोबर दिशेचा कोनही हवा. तो बहुधा नजरेनेच ठरे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ब्रिटिश चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांनी नेमके हेच हेरले. त्यांनी सुचवलेले जहाजांवरील वेडेवाकडे पट्टे लपण्यासाठी नव्हते. दिशेचा अंदाज चुकवण्यासाठी होते.

५/ खेळात नेम चुकला तर डाव पुन्हा मांडता येतो. तेव्हा चुकलेला टॉर्पेडो पाणबुडीचा ठावठिकाणा उघड करू शके आणि लागलेला टॉर्पेडो समोरच्या खलाशांच्या जिवावर बेते.