सरप्राइज कॅन्यनची वाट

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीच्या परिसरातील ओसाड खाणी पाहण्यासाठी फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या घेऊन आणि रस्ता संपला की पायी जाणाऱ्यांचे लक्ष मोडक्या गिरण्यांवर व बोगद्यांच्या तोंडांवर खिळते. परंतु खाणधंद्याने या वाळवंटात मागे ठेवलेला सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत वादग्रस्त अवशेष म्हणजे खाणीपर्यंत नेणारी वाट होय. पॅनमिंट डोंगररांगेतील सरप्राइज कॅन्यन या अरुंद घळीच्या इतिहासातून हे स्पष्ट होते.

अमेरिकी काँग्रेसने 1866 मध्ये सार्वजनिक, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यातील, जमिनीवर खाणकामास मुभा देणारा कायदा केला आणि त्याच्या आठव्या कलमान्वये राखीव नसलेल्या अशा जमिनीवरून रस्ता काढण्याचा हक्कही देऊन टाकला. नेवाडाचे सिनेटर विल्यम स्टुअर्ट हे या कायद्याचे प्रमुख शिल्पकार होते. 1872 च्या कायद्याने ‘क्लेम’ची, म्हणजे सापडलेल्या धातुशिरेवर हद्दीच्या खुणा रोवून सांगितलेल्या हक्काची, कमाल लांबी 1500 फूट व रुंदी 600 फूट ठरवली. त्यानंतर लवकरच सरप्राइज कॅन्यनच्या माथ्याकडे चांदी सापडल्याचा बोभाटा झाला, तेव्हा स्टुअर्ट यांनी दुसरे सिनेटर जॉन जोन्स यांच्यासह तेथील खाणी खरेदी केल्या. ज्याने कायदा घडवला तोच त्याचा लाभधारक झाला, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

1874 मध्ये तेथे पॅनमिंट सिटी उभी राहिली आणि तिची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. लुटारूंच्या भीतीने वेल्स फार्गो कंपनीने तेथे कचेरी उघडण्याचे नाकारले, म्हणून चांदी कित्येकशे पौंडांच्या गोळ्यांत ओतण्यात आली. घोड्यावर टाकून पळवता न येणारे हे गोळे उघड्या मालवाहू खटाऱ्यांतून पहाऱ्याविना रवाना होत. खडक फोडण्यासाठी 1875 मध्ये स्टँप मिल, म्हणजे वजनदार लोखंडी मुसळांनी खनिजाचा भुगा करणारी गिरणी, सुरू झाली. पण शिरा अपेक्षेइतक्या खोल निघाल्या नाहीत, 1876 च्या पुराने गावाची दैना केली आणि 1877 मध्ये गिरणी थांबली. तिचे विटांचे उंच धुराडे मात्र अद्याप उभे आहे.

गाव गेले तरी ओढ्याच्या पात्रातून चढणारी वाट वापरात राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप सर्वसामान्यांच्या हाती आल्यावर हौशी चालकही या वाटेने वर जाऊ लागले. 1984 च्या पुराने पात्रातील वाळू-गोटे धुऊन नेले व खालचा कातळ उघडा पडला, तेव्हा रस्त्याच्या जागी लहान-लहान धबधबे दिसू लागले; चालक त्यांवर दगडांची भर घालत आणि विंचचा, म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेल्या चक्रीचा, दोर वर अडकवून गाडी ओल्या कातळावरून ओढून घेत. वाळवंटात बारमाही वाहणाऱ्या या ओढ्याची व काठच्या झाडोऱ्याची त्यात हानी होत असल्याने पर्यावरणवाद्यांनी खटला भरला आणि 2001 मध्ये घळ वाहनांसाठी बंद झाली. आठवे कलम 1976 मध्ये रद्द झाले असले तरी त्यापूर्वीचे हक्क अबाधित होते. त्याच आधारे वाहनचालकांनी न्यायालयात वाटेवर हक्क सांगितला, पण तो टिकला नाही. घळीचे रक्षण करणाऱ्यांची बाजू येथे अधिक न्याय्य होती, कारण पुराने नाहीशा केलेल्या रस्त्याचा हक्क पाण्याच्या प्रवाहावर चालवता येत नाही.

आज आठ-नऊ किलोमीटर चालून अकराशे मीटरांच्या वर चढल्यावरच पॅनमिंट सिटी लागते. तेथे पोहोचलेल्यांनी बोगद्यात शिरू नये, ही सूचना औपचारिक नव्हे. आडव्या बोगद्याच्या जमिनीत ‘विन्झ’, म्हणजे खालच्या थराकडे जाणारी उभी विहीर, असू शकते आणि तिच्यावरच्या कुजलेल्या फळ्या धुळीखाली दिसत नाहीत. कोंडलेल्या हवेत प्राणवायू कमी असतो, तर जुन्या डायनामाइटमधून पाझरलेले नायट्रोग्लिसरीन जरा धक्का लागताच फुटू शकते. गंजलेले खिळे, बाटल्या, लोखंडी सुटे भाग हेच येथील दप्तर असल्याने तेही जागचे हलवू नयेत.

2019 मध्ये या ओढ्याला केंद्रीय कायद्याने संरक्षित नदीचा दर्जा मिळाला. 1872 चा खाण कायदा मात्र अजूनही लागू आहे, आणि सार्वजनिक जमिनीतून काढलेल्या सोन्या-चांदीवर त्याखाली केंद्र सरकारला स्वामित्वधन द्यावे लागत नाही.