हातसामान (विमानप्रवास)

हातसामान किंवा केबिन बॅगेज म्हणजे विमानप्रवाशाने चेक-इन काउंटरवर न सोपवता स्वतःबरोबर प्रवासी कक्षात नेलेले सामान होय. हे सामान आसनांवरील कप्प्यात किंवा पुढील आसनाखाली ठेवावे लागते. भारतातील देशांतर्गत उड्डाणांत इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशास सर्वसाधारणपणे ७ किलो वजनाची एक पिशवी नेता येते आणि तिची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ११५ सेंटिमीटरपर्यंत चालते. पिशव्यांची संख्या सुरक्षा यंत्रणा ठरवते, आकार व वजन विमान कंपनी ठरवते आणि प्रत्यक्षात किती जागा मिळेल हे विमानाच्या रचनेवर अवलंबून असते. या तीन कसोट्या स्वतंत्र असल्यामुळे एकीला उतरलेली पिशवी दुसरीपाशी अडू शकते. बोर्डिंग गेटवर होणारे बहुतेक वाद आणि तेथे भरावे लागणारे अनपेक्षित शुल्क यांचे मूळ याच गोष्टीत आहे.

मापाचा अर्थ

११५ सेंटिमीटर ही पिशवीची लांबी नसून तिन्ही मापांची बेरीज आहे. ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरची बॅग या मर्यादेत नेमकी बसते. अमेरिकेतील अनेक कंपन्यांची २२ × १४ × ९ इंच ही मर्यादाही जवळपास एवढीच आहे. तिची बेरीज ४५ इंच, म्हणजे ११४.३ सेंटिमीटर होते.

बेरजेच्या नियमात एक फसगत आहे. ७० × ३० × १५ सेंटिमीटरच्या पिशवीची बेरीजही ११५ येते, परंतु विमानतळावरील मापाच्या चौकटीत अशी लांबट पिशवी जात नाही. म्हणून काही कंपन्या बेरजेऐवजी तिन्ही मापे स्वतंत्रपणे देतात. इंडिगो ११५ सेंटिमीटरची बेरीज सांगते, तर एअर इंडिया ५५ × ४० × २० सेंटिमीटर असे माप देते. दोन्हींची बेरीज एकच असली, तरी २५ सेंटिमीटर जाडीची बॅग पहिल्या नियमात बसते आणि दुसऱ्या नियमात बसत नाही.

मोजमापात चाके, मूठ व बाहेरचे खिसे यांचा समावेश होतो. दुकानात बॅगा बहुधा इंचांच्या क्रमांकाने विकल्या जातात आणि हा क्रमांक कधी चाकांसह, तर कधी चाकांविना असतो. २० इंच म्हणजे ५०.८ सेंटिमीटर, त्यात चाकांची चार-पाच सेंटिमीटर मिळवली की ५५ ची मर्यादा गाठली जाते. २४ इंचांची बॅग सुमारे ६१ सेंटिमीटर भरते व ती हातसामानात मोडत नाही. चिठ्ठीवरील आकड्यापेक्षा घरची मापटेप अधिक भरवशाची.

वजनाचा हिशेबही असाच आहे. कठीण कवचाच्या चाकांच्या बॅगेचे स्वतःचे वजन अडीच ते तीन किलो असू शकते. तेवढे वजा केल्यावर ७ किलोंपैकी प्रत्यक्ष सामानासाठी चार किलोच उरतात.

संख्येची मर्यादा

नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या २००० सालच्या परिपत्रकांनुसार प्रवाशास एकच हातपिशवी नेता येते. महिलांची पर्स, लॅपटॉप, छत्री किंवा काठी, वाचनाचे साहित्य, तान्ह्या मुलाचे खाणे, कुबड्या, प्रवासात लागणारी औषधे इत्यादी वस्तू यातून वगळल्या आहेत. नियमाची अंमलबजावणी सैल होत गेल्याने जानेवारी २०२२ मध्ये ब्युरोने त्याची पुन्हा आठवण करून दिली. एका प्रवाशाच्या दोन-तीन पिशव्या क्ष-किरण यंत्रातून जाऊ लागल्या की तपासणीची रांग लांबते, हे त्यामागील कारण होते. विमानतळावर ही तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. पूर्वी हातसामानाला बांधलेल्या चिठ्ठीवर तपासणीचा शिक्का घ्यावा लागे व शिक्का राहून गेला तर गेटवरून माघारी यावे लागे. १ एप्रिल २०१७ पासून मुंबईसह सात मोठ्या विमानतळांवर ही पद्धत बंद झाली.

विमानाची रचना

चाकांच्या बॅगेचे एकस्व बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये अमेरिकेत मिळाले. आज सर्वत्र दिसणारी, दोन चाकांवर उभी राहणारी व लांब मुठीची बॅग नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी १९८७ च्या सुमारास तयार केली. ओढायला सोपी झाल्याने लोक जड बॅगाही विमानात नेऊ लागले आणि कप्प्यांतील जागा अपुरी पडू लागली. पुढे कंपन्यांनी चेक-इन सामानाचे शुल्क वेगळे आकारायला सुरुवात केल्यावर हा भार आणखी वाढला. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चेक-इन सामान नसलेल्या प्रवाशांना स्वस्त तिकीट देण्याची मुभा कंपन्यांना दिली.

बोईंगने ७३७ विमानांसाठी केलेल्या नव्या कप्प्यात बॅगा कडेवर उभ्या ठेवता येतात व चारऐवजी सहा मावतात. याउलट जळगाव, कोल्हापूर यांसारख्या विमानतळांवर येणाऱ्या एटीआर ७२ या पंखेवाल्या विमानांचे कप्पे लहान असतात. तेथे नियमात बसणारी बॅगही कधीकधी शिडीपाशी काढून घेऊन मालकक्षात ठेवली जाते. अशा वेळी पॉवर बँक व सुट्या लिथियम बॅटऱ्या बाहेर काढून जवळ ठेवणे बंधनकारक असते.

मुंबईहून परदेशी प्रवास

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील तारोडी, डोंगरी व उत्तन या गावांना सर्वांत जवळचा विमानतळ म्हणजे मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. गावातून बसने भाईंदर स्थानक, तेथून लोकल आणि मग सहार असा प्रवास करून आलेल्या माणसाला जादा सामान घरी परत पाठवण्याची सोय नसते. शुल्क भरणे किंवा वस्तू टाकून देणे एवढेच पर्याय उरतात.

सर्वाधिक गोंधळ दोन कंपन्यांच्या जोडप्रवासात होतो. एमिरेट्स भारतातून चढणाऱ्या प्रवाशांसाठी ११५ सेंटिमीटरची बेरीज लावते. लुफ्थांसाची मर्यादा ५५ × ४० × २३ सेंटिमीटर व ८ किलो आहे. तिची बेरीज ११८ होते. ब्रिटिश एअरवेज ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर, म्हणजे १२६ ची बेरीज आणि २३ किलोपर्यंत वजन चालवून घेते. त्यामुळे लंडनहून बिनतक्रार आलेली बॅग मुंबईत उतरून नागपूरच्या विमानात चढताना अडवली जाऊ शकते. सर्व टप्प्यांतील सर्वांत कडक मर्यादा धरून बॅग भरणे हाच यावर व्यवहार्य उपाय आहे.

जगभर एकच माप असावे असा प्रयत्न झाला होता. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, जून २०१५ मध्ये ५५ × ३५ × २० सेंटिमीटरचे माप सुचवले. चालू मापांपेक्षा ते लहान असल्याने उत्तर अमेरिकेत मोठी टीका झाली आणि काही दिवसांतच ही योजना स्थगित करण्यात आली.

मापात बसूनही अडणाऱ्या वस्तू

आंतरराष्ट्रीय उड्डाणांत हातसामानातील द्रव पदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांतच न्यावे लागतात. हा निर्बंध ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये उघडकीस आलेल्या कटानंतर आला. येथे बाटलीची क्षमता पाहिली जाते. अर्धी रिकामी २०० मिलिलिटरची बाटली चालत नाही. तूप, आमरस व श्रीखंड यांनाही हाच नियम लागू होतो. सुके खोबरे तेलकट व ज्वलनशील असल्याने हातसामानात आणि चेक-इन सामानातही निषिद्ध आहे, ही गोष्ट कोकणी घरांतील प्रवाशांना अनेकदा विमानतळावरच कळते. शबरीमला यात्रेकरूंना ऑक्टोबर २०२४ ते २० जानेवारी २०२५ या काळापुरती हातसामानातून नारळ नेण्याची सवलत मिळाली होती. उत्तनच्या किनाऱ्यावर वाळवलेल्या बोंबलांचे पुडके मापात व वजनात सहज बसते. त्याची अडचण वासाची असते, आणि हवाबंद वेष्टन नसल्यास कंपनी ते नाकारू शकते.

पॉवर बँक हातसामानातच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत कंपनीची संमती लागते आणि त्यापुढे ती निषिद्ध आहे. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते. शीख प्रवाशांच्या कृपाणाला देशांतर्गत उड्डाणांत मुभा आहे. पाते ६ इंचांपेक्षा व एकूण लांबी ९ इंचांपेक्षा अधिक नसावी.

परदेशी नेण्याची शाडूची गणेशमूर्ती नाजूक असल्याने ती हातसामानातून नेण्याकडे कल असतो. तेथे उंचीपेक्षा खोक्याची जाडी निर्णायक ठरते. एक फूट उंचीच्या मूर्तीचे खोके ३५ सेंटिमीटरच्या बाजूत मावते, मात्र प्रभावळ व बैठक धरून खोली २५ सेंटिमीटरच्या आत राहावी लागते.

आपत्कालीन निर्गमन

प्रवासी विमानाला मान्यता देताना निम्मे दरवाजे बंद असतानाही सर्वांना ९० सेकंदांत बाहेर पडता येते हे सिद्ध करावे लागते. त्या चाचणीत कोणी कप्प्यातून बॅग काढत नाही. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेले एमिरेट्सचे ईके ५२१ हे विमान धावपट्टीवर आदळून पेटले, तेव्हा अनेक प्रवाशांनी सूचना डावलून बॅगा घेतल्या. विमानातील सर्व ३०० जण वाचले, परंतु आग विझवताना एका अग्निशामकाचा मृत्यू झाला. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या जळत्या विमानातून सर्व ३७९ जण बाहेर पडले. त्यांनी आपले सामान मागे सोडले होते.

कायदेशीर बाजू

युरोपीय न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१४ च्या वुएलिंग प्रकरणातील निकालात हातसामान हा प्रवासी वाहतुकीचा आवश्यक भाग मानला. आकार व वजन वाजवी असल्यास त्यासाठी वेगळे शुल्क घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. 'वाजवी' म्हणजे किती हे मात्र खुले राहिले, आणि त्यावरून युरोपातील स्वस्त विमान कंपन्यांशी ग्राहक संघटनांचा वाद पुढेही चालू राहिला.

१९९९ चा मॉन्ट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. त्यानुसार चेक-इन केलेले सामान ताब्यात असताना खराब झाले वा हरवले तर कंपनी जबाबदार असते. हातसामानाबाबत कंपनीची किंवा तिच्या कर्मचाऱ्यांची चूक असेल तरच ही जबाबदारी येते. म्हणून गेटवर बॅग काढून घेतली गेल्यास तिची पावती घेणे महत्त्वाचे ठरते. हातसामानाविषयीची तक्रार प्रथम कंपनीकडे आणि नंतर केंद्र सरकारच्या एअरसेवा या सेवेवर नोंदवता येते.