प्रवाशाची मर्यादा

आमच्या शहाडावरून वाहणारी उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर या गांवांवरून आमच्याकडे येते. वरच्या अंगाला सहलीस गेलेला मनुष्य जें टाकतो, त्याचा वांटा खालच्या माणसाच्या पदरीं पडतो. म्हणून घर सोडून हिंडावयास निघालेला मनुष्य कशाच्या योगानें निसर्गाशीं जबाबदारीनें वागतो, हा प्रश्न आम्हां नदीकांठच्या लोकांना जिव्हाळ्याचा आहे. त्याचें उत्तर उपदेशांत न शोधतां इतिहासांत शोधावें, असा आज माझा मानस आहे.

पहिलें उदाहरण देवराईचें. सह्याद्रींत गांवोगांवीं देवाच्या नांवानें रानें राखलेलीं आहेत. तेथील वाळलेली काटकीही उचलावयाची नाहीं, असा अनेक ठिकाणीं दंडक असे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनीं 1970 नंतरच्या दशकांत या देवरायांचें महत्त्व शास्त्रीय जगापुढें मांडलें. देवाचा धाक तर होताच. पण त्या धाकाला साऱ्या गांवाच्या नजरेचा आधार होता. परका वाटसरूही इतरांस जपून वागतांना पाही आणि आपणही तसाच वागे.

दुसरें उदाहरण माथेरानचें. 1850 सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट या डोंगरावर चढले आणि पुढें तेथें हवा खाण्याचें ठिकाण वसलें. 1907 सालीं पीरभाई घराण्याच्या खटपटीनें नेरळहून छोटी आगगाडी वर गेली. मोटारीला मात्र, रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडल्यास, दस्तुरी नाक्यापुढें मज्जाव आहे. तेथून पायीं, घोड्यावर किंवा अलीकडे आलेल्या विजेच्या रिक्षांतून जातां येतें. 4 फेब्रुवारी 2003 रोजीं केंद्र सरकारनें हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला.

आतां असें पहा. मुंबईंत चार पावलांसाठीं मोटार काढणारा गृहस्थ येथें तांबड्या मातींतून मैलभर चालतो आणि वर आनंद मानतो. त्याचा स्वभाव एका दिवसांत पालटला काय? नाहीं. येथें मर्यादा सर्वांस सारखी आहे, ती वेशीवरच समजते, आणि स्वच्छ हवा व शांतता हें तिचें फळ त्याला तत्काळ मिळतें. तोच गृहस्थ रिकामी बाटली मात्र कड्याखालीं भिरकावूं शकतो. कारण मोटारीला नाका आहे, बाटलीला नाहीं. राज्यांत 2018 सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी त्या दिसेनाशा झाल्या नाहींत, याचेंही मर्म हेंच.

तिसरा दाखला अमेरिकेंतील आहे. ॲरिझोनांत दगड झालेल्या प्राचीन वृक्षांचें एक राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील तुकडे प्रवासी चोरून नेत. रॉबर्ट सियाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानें दोन प्रकारचे फलक लावून पाहिले. त्याचे निष्कर्ष 2003 सालीं प्रसिद्ध झाले. ‘पुष्कळ प्रवाशांनीं तुकडे नेल्यानें उद्यानाची हानि झाली’ अशा आशयाचा फलक होता, तेथें खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकीं शेंकडा सुमारें 8 चोरीस गेले. ‘कृपा करून नेऊं नका’ एवढेंच सांगितलें, तेथें शेंकडा 2 पेक्षांही कमी गेले! पुष्कळ लोक करतात असें ऐकलें, कीं मनुष्याला तीच रीत वाटते.

हा दाखला आम्हां वडीलधाऱ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ‘हल्लीं सगळेच घाण करतात’ असा त्रागा आपण मुलांदेखत करतों, तेव्हां नकळत वाईटाचीच शिकवण देत असतों. त्यापेक्षां पुलाशीं निर्माल्याचा कलश ठेवावा. सहलीला निघतांना प्रत्येकाच्या पिशवींत आपला केर परत आणण्यास एक थैली असावी. आणि ज्यांनीं ती भरून आणली, त्यांची गोष्ट चारचौघांत सांगावी. चांगली रीत डोळ्यांसमोर असली, म्हणजे नवा येणाराही तीच उचलतो, आणि खालच्या गांवाला नदी निर्मळ मिळण्याची आशा धरतां येते.