एक लॅपटॉप, एक केबल: छोट्या कॉम्प्युटरला यूएसबीवरून इंटरनेट कसं द्यायचं?

असं समजा, जुलै महिन्यातली संध्याकाळ आहे. लांज्यातल्या एका घरात लाइट गेली आहे, त्यामुळे वायफायचा राउटरही बंद. टेबलावर बॅटरीवर चालणारा लॅपटॉप आहे, त्याला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट मिळतंय. शेजारी काडेपेटीहून जरा लांबुडका असा एक सर्किट बोर्ड पडलाय. शाळेच्या प्रकल्पासाठी या बोर्डाला पाऊस मोजायचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे मोजायला काही कमी नाही. अडचण एकच आहे. त्यासाठी लागणारे प्रोग्रॅम आधी इंटरनेटवरून बोर्डात उतरवायला हवेत. बोर्डाला ना स्क्रीन, ना कीबोर्ड, ना नेटवर्क केबलची जागा.

घरात आहे ती फक्त एक यूएसबी केबल. तेवढी पुरते का?

पुरते. वीज, इंटरनेट आणि बोर्डाशी बोलण्याची सोय या तिन्ही गोष्टी त्या एका केबलमधून होतात. कशा, ते समजून घेऊ.

हा छोटा कॉम्प्युटर म्हणजे नक्की काय?

प्रोसेसर, मेमरी आणि बाकी सगळी जोडणी एकाच पट्टीवर असलेल्या कॉम्प्युटरला सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. यातलं सगळ्यात परिचित नाव रास्पबेरी पाय. ब्रिटनमधल्या केंब्रिजमध्ये तयार झालेला हा बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. त्याचा धाकटा भाऊ पाय झिरो नोव्हेंबर २०१५ मध्ये आला, तेव्हा त्याची किंमत होती फक्त ५ डॉलर. बीगलबोन ब्लॅक हा २०१३ चा बोर्डही याच जातीतला.

इथे एक गल्लत बऱ्याच जणांची होते. आर्डुइनो उनो हा बोर्ड दिसायला असाच असला तरी त्यात लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम नसते. पुढे सांगितलेली पद्धत लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डांसाठी आहे.

भारतात हे बोर्ड आता फक्त इंजिनीअरिंग कॉलेजात राहिलेले नाहीत. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. निवडलेल्या शाळेला त्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. सहावी ते बारावीची मुलं तिथे सेन्सर आणि छोटे बोर्ड हाताळतात. पण लॅबमध्ये जमलेलं काम घरी आल्यावर अडतं, कारण घरी वेगळा मॉनिटर नसतो आणि राउटर नेहमी असतोच असं नाही.

मग सरळ वायफाय का नाही वापरायचं?

वापरता येत असेल तर जरूर वापरावं. पण तीन वेळा ते जमत नाही.

पहिली वेळ म्हणजे बोर्डात वायफायच नसणं. सुरुवातीच्या पाय झिरोमध्ये ते नव्हतं. वायफाय असलेला झिरो डब्ल्यू फेब्रुवारी २०१७ मध्ये आला. बीगलबोन ब्लॅकमध्येही वायफाय नाही.

दुसरी वेळ म्हणजे वायफाय असूनही हॉटस्पॉट न दिसणं. झिरो डब्ल्यू आणि झिरो टू डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल, तर बोर्डाच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो.

तिसरी वेळ हॉस्टेल किंवा कॉलेजातली. तिथे वायफायला जोडलं की आधी लॉगिनचं पान उघडतं. स्क्रीन नसलेला बोर्ड ते पान भरणार कसं? लॅपटॉपवरून लॉगिन केलेलं असेल, तर तेच कनेक्शन केबलने बोर्डाला देता येतं. अर्थात, संस्थेचा नियम काय आहे हे आधी विचारून घ्यावं.

केबलमधून इंटरनेट जातं कसं?

मोबाइलचं यूएसबी टिदरिंग अनेकांनी वापरलेलं असतं. फोन केबलने लॅपटॉपला जोडला की लॅपटॉपला इंटरनेट मिळतं. त्या वेळी फोन लॅपटॉपला सांगतो, "मी नेटवर्क कार्ड आहे." लॅपटॉपचा त्यावर विश्वास बसतो आणि केबल नेटवर्कची तार होऊन जाते.

छोटा बोर्डही नेमकं हेच सोंग घेतो. याला गॅजेट मोड म्हणतात. फरक एवढाच की इथे इंटरनेट उलट्या दिशेने वाहतं. टिदरिंगमध्ये जोडलेला फोन लॅपटॉपला इंटरनेट देतो, इथे लॅपटॉप जोडलेल्या बोर्डाला देतो.

आता बाहेरच्या जगाला तर फक्त लॅपटॉप माहीत आहे. मग बोर्डाने मागितलेली माहिती बोर्डापर्यंत कशी येते? वाडीवरच्या घरांची पत्रं कधीकधी नाक्यावरच्या दुकानाच्या पत्त्यावर येतात आणि दुकानदार ती ज्याची त्याला पोहोचवतो. लॅपटॉप तेच करतो. बोर्डाची मागणी तो स्वतःच्या पत्त्याने बाहेर पाठवतो, कोणी काय मागितलं याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की बोर्डाकडे सरकवतो. तांत्रिक भाषेत याला नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन किंवा नॅट म्हणतात.

आधी बोर्ड आणि केबल तपासा

सगळे बोर्ड गॅजेट मोडमध्ये चालत नाहीत. पाय झिरोच्या सगळ्या आवृत्त्या चालतात. पाय ४ आणि पाय ५ त्यांच्या यूएसबी-सी पोर्टमधून चालतात. पाय ३ बी मात्र चालत नाही, कारण त्याचे यूएसबी पोर्ट एका हब चिपच्या मागे असतात आणि ती चिप हे सोंग घेऊ देत नाही.

पाय झिरोवर सारखे दिसणारे दोन पोर्ट असतात. एकावर पॉवरची खूण असते, दुसऱ्यावर यूएसबीची. केबल यूएसबी लिहिलेल्या पोर्टमध्येच लावायची. दुसऱ्यात लावली तर बोर्ड चालू होतो, पण लॅपटॉपला त्याचा पत्ताही लागत नाही.

केबलही डेटा नेणारी हवी. स्वस्तातल्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. ओळखायचं कसं? त्याच केबलने फोन लॅपटॉपला जोडून पाहा. फोनमधले फोटो दिसले तर केबल कामाची.

बीगलबोनमध्ये गॅजेट मोड आधीपासून सुरू असतो. रास्पबेरी पायमध्ये तो सुरू करावा लागतो. त्यासाठी मेमरी कार्ड लॅपटॉपमध्ये घालून दोन फाइलींत बदल करतात. 'कॉन्फिग' नावाच्या फाइलीत डीडब्ल्यूसी२ हा यूएसबीचा ड्रायव्हर चालू करणारी ओळ लिहायची आणि 'सीएमडीलाइन' नावाच्या फाइलीत डीडब्ल्यूसी२ व जी-ईथर ही दोन मॉड्यूल जोडायची. दुसऱ्या फाइलीतला सगळा मजकूर एकाच ओळीत राहायला हवा. चुकून एंटर दाबला गेला तर बोर्ड सुरूच न होण्याची शक्यता असते. कार्ड तयार करतानाच एसएसएच, म्हणजे लॅपटॉपवरून बोर्डाला आज्ञा देण्याची सोय, चालू करून ठेवावी.

लॅपटॉपवर काय करायचं?

विंडोजमध्ये ही सोय नवी नाही. इंटरनेट कनेक्शन शेअरिंग १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून आहे. नेटवर्क कनेक्शन्सच्या यादीत ज्या कनेक्शनवरून इंटरनेट येतंय, म्हणजे बहुधा वायफाय, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जायचं. तिथे शेअरिंग टॅबवर खूण करून खालच्या यादीतून यूएसबीचं कनेक्शन निवडायचं. बरेच जण उलटं करतात आणि यूएसबीच्या कनेक्शनवर खूण करतात. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: ज्याच्याकडे इंटरनेट आहे, त्याच्यावर खूण.

मॅकमध्ये सेटिंग्जच्या शेअरिंग विभागात इंटरनेट शेअरिंग असतं. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये यूएसबी कनेक्शनच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये 'इतर कॉम्प्युटरशी शेअर करा' या अर्थाचा पर्याय निवडला की काम होतं.

शेअरिंग सुरू झालं की लॅपटॉपच्या यूएसबी बाजूला ठरावीक पत्ता मिळतो. आजच्या विंडोजमध्ये तो १९२.१६८.१३७.१ असतो, उबुंटूत बहुधा १०.४२.०.१. बोर्ड आपणहून पत्ता मागणारा असेल, तर त्याला त्याच मालिकेतला पत्ता मिळतो आणि पुढचं सगळं सुरळीत होतं.

बीगलबोन इथेच फसवतो. तो विंडोजवर १९२.१६८.७.२ या ठरलेल्या पत्त्यावर बसलेला असतो आणि लॅपटॉप १९२.१६८.७.१ वर असेल असं धरून चालतो. शेअरिंग चालू करताच विंडोज स्वतःचा पत्ता बदलतं आणि आत्तापर्यंत नीट चाललेला बोर्ड दिसेनासा होतो. बोर्ड बिघडला असं वाटतं, पण फक्त पत्त्यांचा मेळ गेलेला असतो. यूएसबी कनेक्शनचा पत्ता हाताने परत १९२.१६८.७.१ करायचा. मग बोर्डाला सांगायचं की बाहेर जायचा रस्ता, म्हणजे गेटवे, हाच आहे. सोबत नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ताही द्यायचा, उदाहरणार्थ ८.८.८.८.

अडलं तर नेमकं कुठे अडलंय?

इंटरनेट चालत नाही म्हटल्यावर सगळीच सेटिंग बदलत सुटणं ही सगळ्यात महागडी चूक. त्यात चालू असलेलं कनेक्शनही बिघडतं. त्याऐवजी एकेक टप्पा क्रमाने तपासावा.

१. लॅपटॉपला नवं नेटवर्क कार्ड दिसतंय का? पहिल्यांदा सुरू होताना बोर्डाला वेळ लागतो, तेव्हा काही मिनिटं थांबा. तरीही दिसत नसेल तर केबल, पोर्ट किंवा मेमरी कार्डवरच्या फाइलींत चूक आहे. विंडोज कधीकधी बोर्डाला सिरियल पोर्ट समजतं. तसं झालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आरएनडीआयएस ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो.

२. बोर्डाला योग्य पत्ता मिळालाय का? पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर बोर्डाने पत्ता मागितला आणि कोणी दिलाच नाही असा त्याचा अर्थ. बोर्डाला काहीच पत्ता नसेल, तर त्याच्या नेटवर्कमॅनेजरमध्ये यूएसबीसाठी वेगळं कनेक्शन तयार करून पाहावं.

३. बोर्डावरून ८.८.८.८ ला पिंग जातं का? जात नसेल तर शेअरिंग किंवा गेटवेमध्ये गडबड आहे. इथे एक चकवा आहे. लॅपटॉपला केलेल्या पिंगला विंडोजचा फायरवॉल अनेकदा उत्तरच देत नाही. तेवढ्यावरून कनेक्शन तुटलंय असं समजू नये, बाहेरचा पत्ता तपासून पाहावा.

४. आकड्यांचा पत्ता चालतो, पण वेबसाइटचं नाव चालत नाही? मग दोष डीएनएसचा.

५. सगळं चालतंय, पण डाउनलोड करताना सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार येते? बोर्डाची तारीख पाहा. यातल्या बहुतेक बोर्डांमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. बंद करून ठेवलेला बोर्ड महिनाभर जुनी तारीख घेऊन जागा होऊ शकतो. त्याच्या दृष्टीने वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो नकार देतो. तारीख दुरुस्त केली की काम होतं.

काल चाललं आणि आज बंद पडलं, तर विंडोजमध्ये शेअरिंगची खूण काढून पुन्हा लावावी. लॅपटॉप रिस्टार्ट केल्यावर अनेकदा याची गरज पडते. शिवाय पाय दर वेळी नवा मॅक अ‍ॅड्रेस घेऊन आला, तर विंडोजला तो दर वेळी नवाच पाहुणा वाटतो. बोर्डावर मॅक अ‍ॅड्रेस कायमचा ठरवून दिला की ही कटकट संपते.

तीन गोष्टी सांभाळा

पहिली, डेटा पॅक. लॅपटॉपवर मर्यादित डेटाची सेटिंग केलेली असली तरी बोर्डाला ती माहीत नसते. पूर्ण सिस्टिम अपडेटची आज्ञा दिली तर काही शे एमबी सहज उडतात आणि दिवसाचा पॅक संध्याकाळीच संपतो. आधी फक्त लागणारे प्रोग्रॅम घ्या, मोठं अपडेट ब्रॉडबँड चालू असताना करा.

दुसरी, वीज. यूएसबी २.० चा पोर्ट ठरलेल्या मानकानुसार ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० चा ९००. पाय झिरोचं त्यात भागतं. पाय ४ साठी मात्र ३ अँपिअरचा चार्जर सुचवलेला आहे, त्यामुळे लॅपटॉपच्या पोर्टवर तो अडखळू शकतो. आणि कोणताही बोर्ड असो, शटडाउन न करता केबल ओढली तर मेमरी कार्डवरचा डेटा खराब होऊ शकतो.

तिसरी, पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. रास्पबेरी पायने एप्रिल २०२२ मध्ये आपला ठरलेला यूजर आणि पासवर्ड काढून टाकला. जुन्या कार्डांवर तो अजून असू शकतो, तेव्हा आधी तो बदला.

हा रस्ता कुठपर्यंत?

केबलचं इंटरनेट बोर्ड तयार करण्यासाठी उत्तम आहे, पण ते लॅपटॉप चालू असेपर्यंतच मिळतं. लॅपटॉप झोपला की बोर्डाचं इंटरनेटही जातं. शिवाय बोर्डाला बाहेर जाता येतं, तरी बाहेरून कोणाला थेट बोर्डापर्यंत येता येत नाही, कारण मध्ये लॅपटॉप, फोन आणि बहुतेक वेळा मोबाइल कंपनी अशा तिघांचं नॅट असतं.

पाऊस मोजायच्या बोर्डाला याने फारसा फरक पडत नाही. प्रोग्रॅम एकदा उतरवले की तो अंगणातल्या पावसाच्या नोंदी इंटरनेटशिवायही मेमरी कार्डवर लिहीत राहतो. फक्त तारीख-वेळ अचूक हवी असेल तर त्याला घड्याळाचं छोटं मॉड्यूल जोडावं. नोंदी पाहायच्या असल्या की तीच केबल पुन्हा लॅपटॉपला लावायची. त्या वेळी लाइट असली काय आणि नसली काय.