बुडण्यासाठी बांधलेला पूल : कसबा बावड्याचा राजाराम बंधारा

१/ नदीवरचा आधुनिक पादचारी पूल म्हटले की अनेकांना अहमदाबादचा अटल पूल आठवतो. २७ ऑगस्ट २०२२ रोजी खुला झालेला, सुमारे ३०० मीटर लांबीचा, पतंगांची आठवण करून देणारा. खाली साबरमतीचे संथ पाणी. ते तेथे टिकते, कारण खालच्या अंगाला वासणा येथे नदी अडवलेली आहे.

२/ तेथे पूल एकीकडे आणि बंधारा दुसरीकडे. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात मात्र पंचगंगेवर ही दोन्ही कामे एकच बांधकाम करते. ते म्हणजे राजाराम बंधारा. १९२२ ते १९४० या काळात करवीरच्या गादीवर असलेल्या राजाराम महाराजांचे नाव त्याला आहे. त्याच्या माथ्यावरून माणसे पलीकडच्या वडणगे-निगव्याकडे जातात.

३/ ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हा शब्दप्रयोग आज राज्यभर रूढ आहे. त्याची रचना साधी आहे. पात्रात ओळीने दगडी खांब आणि खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की खाचांत फळ्या, म्हणजेच बरगे, बसवायचे. जुन्या पद्धतीत लाकडी बरग्यांच्या दोन रांगा लावून मधल्या पोकळीत माती ठासत. पुढे लोखंडी बरगे आले.

४/ याचे प्रयोजन काय? शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरण हाती घेतले. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच खाली येते, बंधाऱ्यांपाशी थांबते आणि तेथून उपसून शेतांना मिळते. नदी हाच कालवा झाला.

५/ मग पूल इतका ठेंगणा का? कारण पुराशी झुंजणे हे त्याचे कामच नव्हे. पावसाळ्यापूर्वी बरगे काढले की खांबांमधून पाणी मोकळे वाहते आणि त्याहून वाढले तर माथ्यावरून जाते. येथे खरी कसोटी वेळेची असते. बरगे लवकर काढले तर साठा वाहून जातो. उशीर झाला तर चढत्या पाण्याला अडथळा होतो.

६/ ‘राजाराम बंधारा पाण्याखाली’ ही कोल्हापूरकरांच्या पावसाळ्यातील पहिली मोठी बातमी. पण बंधारा बुडाला म्हणजे पूर आला असे नव्हे. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. बंधारा त्याच्या पुष्कळ आधी दिसेनासा होतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये येथील पाणी ५५ फुटांपलीकडे गेले. घर कधी सोडायचे, जनावरे कधी हलवायची, हे नदीकाठची कुटुंबे याच आकड्यावरून ठरवतात.

७/ अटल पूल पाहायला माणसे दुरून येतात. राजाराम बंधारा पाहायला सहसा कोणी जात नाही. तरीही पावसाळ्यात अवघ्या जिल्ह्याचे लक्ष त्याच्याकडे लागलेले असते. बावड्याला गेलात तर पाणी उतरल्यावर जा आणि खांबांतील त्या खाचा आवर्जून पाहा. नदीला केव्हा अडवावे आणि केव्हा वाट द्यावी, याचा हिशेब त्या दगडांत कोरलेला आहे.